‘पुरेसे’ किमान वेतन म्हणजे किती? निरनिराळ्या देशांच्या मोजपट्ट्यांविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: २०२५ साली जर्मनीत किमान वेतन तासाला १२.८२ युरो होते, बांगलादेशात कपडे शिवणाऱ्या कामगाराला महिन्याला १२,५०० टका, अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने तासाला ७.२५ डॉलर, आणि आपल्याकडे राज्याराज्यांत, उद्योगाउद्योगांत वेगवेगळे आकडे. यांपैकी कोणत्या वेतनाला ‘पुरेसे’ म्हणायचे, आणि सर्व देशांना लागू पडेल असे एखादे सूत्र असू शकते का? आपण कामगार संघटनेत काम करता आणि लवकरच एका मसुदा अधिसूचनेवर हरकती नोंदवणार आहात, असेही आपण लिहिले आहे. वेतननिश्चितीच्या समित्यांपुढे कामगारांच्या बाजूने आकडे मांडण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि त्या निमित्ताने इतर देशांच्या पद्धती वाचाव्या लागल्या आहेत. त्या आधारावर उत्तर देतो.

एकच सूत्र सगळीकडे चालणार नाही. मात्र कोणत्याही देशाचा आकडा हातात आला की तो कशाच्या आधारावर काढला आणि किती काळाने पुन्हा काढला जातो, हे विचारता येते. माझ्या अनुभवात लोक सगळा जोर पहिल्या प्रश्नावर देतात आणि कामगाराचे खरे नुकसान दुसऱ्या प्रश्नात होते.

सर्वांत आधी तुलनेबद्दल. चलनाच्या दराने सगळे आकडे डॉलरमध्ये बदलून शेजारी मांडणे निरुपयोगी आहे, कारण कामगार खोलीचे भाडे आणि तांदळाचा भाव डॉलरमध्ये देत नाही. क्रयशक्तीच्या समतेने, म्हणजे त्या पैशात तिथे किती वस्तू येतात हे पाहून, केलेले रूपांतर बरे असते, पण तेही संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या सरासरी खरेदीवर बेतलेले असते. ज्याचा बहुतेक पगार अन्न आणि भाडे यांतच संपतो त्याची खरेदी त्या सरासरीसारखी नसते. शिवाय वेतन किती तासांचे आहे हे पाहावे लागते. फ्रान्समध्ये कायदेशीर आठवडा ३५ तासांचा आहे आणि आपल्याकडे ४८ तासांचा, त्यामुळे मासिक आकड्यांची सरळ तुलना फसवी ठरते. त्या वेतनात काय धरले आहे हाही मुद्दा आहे. कतारने मार्च २०२१ पासून महिना १,००० रियाल किमान वेतन लागू केले, आणि मालकाने राहण्या-जेवणाची सोय केली नसेल तर निवासासाठी ५०० आणि जेवणासाठी ३०० रियाल वेगळे द्यावेत असे ठरवले. कोकणातून आखातात जाणाऱ्या एखाद्या तरुणाला करार वाचून दाखवताना मी नेहमी आधी हे विचारतो की हा आकडा खोली-जेवणासह आहे की त्याशिवाय.

आता मोजमापाकडे. ‘पुरेसे’ ठरवण्याची जुनी पद्धत गरजांची आहे. १९०७ साली ऑस्ट्रेलियात शेतीची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रकरणात, जे ‘हार्वेस्टर निवाडा’ म्हणून ओळखले जाते, न्यायमूर्ती हिगिन्स यांनी अकुशल कामगाराला दिवसाला ७ शिलिंग हे रास्त वेतन ठरवले. मालकाला काय परवडते यापासून त्यांनी सुरुवात केली नाही. सुसंस्कृत समाजात माणूस म्हणून राहणाऱ्या, बायको आणि तीन मुले असलेल्या कामगाराच्या सामान्य गरजांपासून केली आणि त्यासाठी गृहिणींचे घरखर्चाचे हिशेब पुरावा म्हणून ऐकले. हा निवाडा ज्या कायद्यावर उभा होता तो तिथल्या उच्च न्यायालयाने १९०८ मध्ये अवैध ठरवला, तरी निवाड्याचे माप पुढे अनेक वर्षे वापरले गेले. त्यातली उणीवही सांगायला हवी: पुरुष हाच कमावता असे गृहीत धरल्यामुळे पुढे तिथे स्त्रियांचे मूळ वेतन पुरुषांच्या सुमारे ५४ टक्के धरले जाऊ लागले.

आपल्याकडचे माप याच वळणाचे आहे. १९४८ सालच्या किमान वेतन कायद्यात वेतन कसे मोजायचे हे लिहिलेलेच नव्हते. ते १९५७ च्या जुलैत भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ठरवले: एका कमावत्यामागे तीन उपभोग एकके, म्हणजे पुरुष १, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६, प्रत्येक एककाला दिवसाला २,७०० कॅलरींचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक गृहयोजनेतील किमान भाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्च मिळून एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्नकार्ये यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. आपल्या हरकतींचा पाया हाच असला पाहिजे, कारण हे माप गेल्या सहा दशकांत कुणी रद्द केलेले नाही; ते फक्त प्रामाणिकपणे वापरले गेले नाही.

हे मी का म्हणतो ते पाहा. १९४८ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या वेतन संहितेच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्रीय मसुदा नियमांत हीच यादी पुन्हा आली. कापड ६६ मीटर, म्हणजे १९५७ चेच ७२ वार, फक्त मीटरमध्ये. भाडे मात्र अन्न आणि वस्त्र यांच्या खर्चाच्या १० टक्के धरायचे असे लिहिले आहे. समजा, एका कुटुंबाचा अन्नवस्त्राचा खर्च महिना १२,००० रुपये झाला, तर भाड्यासाठी १,२०० रुपये मिळाले. मुंबई, ठाणे, पिंपरी-चिंचवड, कुठल्याही औद्योगिक वस्तीत या पैशात पाण्याची सोय असलेली खोली मिळत नाही. अनेक ठिकाणी खाटेपुरती जागाही मिळत नाही. मी एका औद्योगिक शहरात काही कुटुंबांचे महिन्याचे हिशेब लिहून घेतले होते, तेव्हा भाडे, वीज आणि विकतचे पाणी मिळून होणारा खर्च बहुतेक घरांत किराण्याच्या खर्चाला भिडलेला होता. ज्या मापात भाड्याचा वाटा इतका तोकडा आहे ते माप अन्नाच्या बाबतीत कितीही शास्त्रीय असले तरी शहरातल्या कामगाराला अन्नातूनच भाडे काढायला लावते. जगभर निर्वाह वेतन मोजणाऱ्या रिचर्ड आणि मार्था अँकर यांच्या पद्धतीत घराचा खर्च वेगळा, स्थानिक पाहणी करून, साध्या पण माणसाला शोभेल अशा घराच्या भाड्यावरून काढतात. आपण हरकतींत हा मुद्दा ठामपणे मांडावा.

आणि ते ०.८ एकक. पहाटे चारला उठून पाणी भरणारी, फडात ऊस तोडणारी, मोळी डोक्यावर वाहणारी स्त्री पुरुषापेक्षा कमी खाते, म्हणून तिला कमी लागते, असे या आकड्याचे गृहीतक आहे. ती कमी खाते हे खरे असेल. तिला कमी लागते हे खरे नाही. डॉ. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात तीनऐवजी ३.६ एकके धरली, कॅलरी २,४०० पर्यंत खाली आणल्या पण ५० ग्रॅम प्रथिने आणि ३० ग्रॅम स्निग्धांश यांची अट घातली, आणि देशपातळीवर दिवसाला ३७५ रुपये असा आकडा सुचवला. त्याच वर्षी सरकारने राष्ट्रीय तळवेतन, म्हणजे राज्यांना सुचवलेली किमान पातळी, दिवसाला १७६ वरून १७८ रुपये केले. ही दोन रुपयांची वाढ मला आजही अस्वस्थ करते, कारण मोजणी सरकारनेच करवून घेतली होती.

युरोपात दुसरी मोजपट्टी रूढ झाली आहे, ती मध्यकाची. सर्व पगारदारांना वेतनाच्या चढत्या क्रमाने उभे केले तर बरोबर मधोमध जो येईल त्याचे वेतन म्हणजे मध्यक वेतन. युरोपीय संघाने २०२२ च्या निर्देशात मध्यकाच्या ६० टक्के किंवा सरासरी वेतनाच्या ५० टक्के अशी संदर्भमूल्ये सुचवली आहेत. ब्रिटनने आणखी पुढे जाऊन २०२४ पर्यंत मध्यकाच्या दोन तृतीयांशाचे लक्ष्य ठेवले आणि ते गाठले. ही पट्टी आकर्षक आहे, कारण गरजांच्या यादीवरचे वाद टळतात आणि समाजाची कमाई वाढली की तळाचाही वाटा वाढतो.

परंतु ही पट्टी आपल्याकडे जशीच्या तशी आणणे धोक्याचे आहे, आणि अनेक अभ्यासू मंडळीही येथे चुकतात. मध्यक हा स्वतःच जगण्याइतका असेल तरच त्याचे ६० टक्के काही अर्थाचे ठरतात. कोलंबियात किमान वेतन मध्यकाच्या जवळपास ९० टक्के आहे. यावरून तिथला कामगार ब्रिटनच्या कामगारापेक्षा सुखी आहे असा निष्कर्ष निघत नाही, तिथला मध्यकच खाली आहे एवढे कळते. ज्या देशात मोठा कामगारवर्ग असंघटित आहे आणि रोजंदारीवर जगतो, तिथे मध्यकाचे ६० टक्के म्हणजे उपासमारीचे ६० टक्के होऊ शकतात. म्हणून माझे मत असे आहे की वेतनरचना दाबलेली आणि कमजोर आहे तिथे गरजांचे माप पुढे ठेवावे आणि मध्यकाचा उपयोग केवळ पडताळणीसाठी करावा. जिथे वेतनरचना सुदृढ आहे तिथे उलट करावे. अमेरिकेला मात्र मध्यकाची पट्टी लावली पाहिजे, कारण तिथले संघराज्याचे किमान वेतन मध्यकाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी भरते.

अमेरिकेच्या या घसरणीचे कारण आपल्याला थेट दुसऱ्या प्रश्नाकडे, पुनर्निर्धारणाकडे, नेते. १९३८ च्या कायद्याने तिथे तासाला २५ सेंटपासून सुरुवात झाली. वाढ करायची तर प्रत्येक वेळी संसदेने नवा कायदा करायचा, असा रिवाज राहिला. त्यामुळे २४ जुलै २००९ पासून ७.२५ डॉलर हा आकडा हललेला नाही, आणि बक्षिसीवर काम करणाऱ्या वाढप्यांसाठीचा २.१३ डॉलर हा दर तर १९९१ पासून तसाच आहे. ज्या राज्यांनी स्वतःच्या कायद्यात महागाईची जोड घातली ती वर निघून गेली. वॉशिंग्टन राज्यात २०२५ चा दर १६.६६ डॉलर होता. एकाच देशात, एकाच तासाच्या कामाला, दुपटीहून अधिक फरक पडला तो केवळ पुनर्निर्धारणाच्या यंत्रणेमुळे.

बांगलादेशची कथा याहून दुःखद आहे. तिथे त्रिपक्षीय वेतन मंडळ उद्योगवार दर ठरवते, आणि कपडे उद्योगाचा किमान दर २००६ मध्ये १,६६२.५० टका, २०१० मध्ये ३,०००, २०१३ मध्ये ५,३००, २०१८ मध्ये ८,००० आणि २०२३ च्या अखेरीस १२,५०० टका झाला. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझाची इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगार मेले, त्यानंतर त्या वर्षीची वाढ झाली. २०२३ मध्ये संघटनांनी २३,००० टकांची मागणी केली होती. आंदोलनात काही कामगारांचे प्राण गेले. दर पाच वर्षांनी दर बदलायचा असला की मधल्या काळात काय होते याचा साधा हिशेब करा. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तरी पाच वर्षांनी शंभराच्या नोटेची खरेदी पंचाहत्तरावर येते. ९ टक्के धरली तर पासष्टावर. म्हणजे पहिल्या दिवशी वेतन पुरेसे होते असे मानले, तरी पाचव्या वर्षी कामगार एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कपातीवर काम करत असतो, आणि मग ती भरपाई एकदम मागावी लागत असल्याने प्रत्येक वेळी संघर्ष उभा राहतो.

फ्रान्सची व्यवस्था मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. तिथले किमान वेतन दर १ जानेवारीला वाढतेच, आणि वर्षात मध्येच किमतींचा निर्देशांक २ टक्के चढला की सरकारी चर्चेशिवाय आपोआप वाढते. वर कामगारांच्या सरासरी तासवेतनाच्या क्रयशक्तीत झालेल्या वाढीचा निम्मा वाटा जोडला जातो. महत्त्वाची गोष्ट अशी की तिथे निर्देशांक सर्व लोकांचा घेत नाहीत, तळाच्या २० टक्के कुटुंबांच्या खर्चाचा घेतात. आपल्याकडे याचा अर्थ काय ते पाहा. महाराष्ट्रात मूळ दरावर दर सहा महिन्यांनी महागाईनुसार बदलणारा विशेष भत्ता मिळतो, ही निश्चितच चांगली सोय आहे. पण तो ज्या औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर चालतो, त्याचे आधारवर्ष २००१ वरून २०१६ करताना अन्नाचा भार ४६.२ वरून सुमारे ३९.२ टक्क्यांवर आला. किमान वेतनावरच्या घरात अन्नाचा वाटा याहून बराच जास्त असतो. त्यामुळे डाळी, भाज्या, तेल महागतात त्या वर्षी भत्ता त्या महागाईच्या झळीइतका वाढत नाही. शिवाय भत्ता हा जुन्याच यादीची किंमत भरून काढतो. मोबाइलचा खर्च, शिकवणीचे शुल्क, कामावर जाण्याचा लांबलेला प्रवास या नव्या गरजा मूळ दर बदलल्याखेरीज वेतनात येतच नाहीत, आणि अनेक उद्योगांत मूळ दर कायद्यातल्या पाच वर्षांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक काळ तसेच राहतात.

सूत्रावर न चालता मंडळावर विश्वास ठेवणारे देशही आहेत. ब्रिटनच्या निम्न वेतन आयोगात मालकवर्गाच्या, कामगारवर्गाच्या आणि स्वतंत्र अशा तीन-तीन सदस्यांचा समावेश असतो. १ एप्रिल १९९९ ला ३.६० पौंडांपासून सुरुवात करून तो दरवर्षी पुराव्यांसह शिफारस करतो. जर्मनीने २०१५ मध्ये ८.५० युरोंनी सुरुवात केली आणि असेच मंडळ नेमले. तरी २०२२ मध्ये १२ युरोंची उडी संसदेला कायद्याने घ्यावी लागली, आणि त्यानंतर मंडळाने १२.४१ व १२.८२ हे दर कामगार प्रतिनिधींच्या विरोधात बहुमताने ठरवले. मंडळ चांगले असले तरी त्याच्यापुढे लक्ष्य नसेल तर ते कमीत कमीवर येऊन थांबते, हा धडा मी यातून घेतला. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्याकडे कायद्याने ठरलेले किमान वेतनच नाही. सामूहिक करारांनी ते काम होते, कारण बहुसंख्य कामगार कराराच्या छत्राखाली आहेत. आपल्याकडे त्यांचे उदाहरण देऊन कायद्याची गरज नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी करारांची तेवढी व्याप्ती दाखवावी.

पुनर्निर्धारण का रखडते, याचे एक कारण फारसे चर्चिले जात नाही. मेक्सिकोत दंड, गृहकर्जे, सरकारी शुल्के असे अनेक हिशेब ‘इतकी किमान वेतने’ या एककात लिहिलेले होते. त्यामुळे वेतन वाढवले की हे सगळे वाढत असे, आणि सरकार वेतन दाबून ठेवत असे. २०१६ मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांनी हिशेबाचे एकक वेगळे केले. पुढे दिवसाचे किमान वेतन २०१८ च्या ८८.३६ पेसोंवरून २०२४ मध्ये २४८.९३ पेसोंपर्यंत गेले. ब्राझीलमध्ये निवृत्तिवेतनाचा तळ आजही किमान वेतनाला बांधलेला आहे, म्हणून तिथे प्रत्येक वाढ अर्थसंकल्पाचा प्रश्न बनते. पण त्याच बांधणीमुळे गरीब म्हाताऱ्यांनाही वाढीचा वाटा मिळतो, त्यामुळे ती तोडावी असे मी सहज म्हणणार नाही.

‘उद्योगाला परवडत नाही’ हा आक्षेप आपल्यापुढे नक्की येईल. किमान वेतनाच्या बाबतीत मालकाची ऐपत हा निकष नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये उनिचोयी प्रकरणात स्पष्ट केले आहे. ऐपतीचा विचार त्यावरच्या रास्त वेतनासाठी आहे. किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेले काम म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदातील वेठबिगारी, असे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील निकालात म्हटले आहे. रोजगार घटतो का, यावर अमेरिकेत कार्ड आणि क्रूगर यांनी न्यू जर्सीत १९९२ साली दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर झाल्यानंतर उपाहारगृहांची पाहणी केली आणि अपेक्षित घट आढळली नाही; जर्मनीतही २०१५ पूर्वी वर्तवलेली मोठी बेकारी आली नाही. मात्र यावरून कितीही वाढ निर्धोक आहे असे कुणी म्हणू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या १३१ क्रमांकाच्या करारात कुटुंबाच्या गरजांबरोबर आर्थिक घटकही तोलायला सांगितले आहे, आणि ते योग्यच आहे.

शेवटी वेतन पोचते का, हा प्रश्न. याच संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये जगात ३२.७ कोटी पगारदार किमान वेतनावर किंवा त्याखाली होते, आणि त्यांतील २६.६ कोटी त्याखाली. दक्षिण आफ्रिकेने २०१९ मध्ये तासाला २० रँडचे राष्ट्रीय किमान वेतन आणले तेव्हा घरकामगारांना ७५ टक्के आणि शेतमजुरांना ९० टक्के दर ठेवला होता. शेतमजूर २०२१ मध्ये आणि घरकामगार २०२२ मध्ये पूर्ण दरावर आले. उशिरा का होईना, तारीख ठरवून फरक मिटवण्याची ही रीत अनुकरणीय आहे. आपल्याकडे सर्वांत अवघड जागा मापावरच्या, म्हणजे तासांऐवजी नगावर किंवा वजनावर पैसे मिळणाऱ्या, कामाची आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, उचल मुकादमामार्फत पुरुषाच्या नावावर येते, आणि दर टनावर असतो. दोन माणसे, पहाटेपासून गाडी भरेपर्यंतचे तास, असा भागाकार केल्याशिवाय टनाचा दर किमान वेतनाच्या वर आहे की खाली हे कळूच शकत नाही, आणि तो भागाकार कागदावर कुणी करत नाही.

आपल्या हरकतींविषयी एवढेच सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही मसुद्यावर हरकतींसाठी किमान दोन महिन्यांची मुदत आहे. ती अर्ज लिहिण्यात घालवू नका. आपल्या उद्योगातील पंचवीस-तीस कुटुंबे निवडा, त्यांत भाड्याने राहणारी आणि स्त्री कमावती असलेली घरे असू द्या, आणि एका पूर्ण महिन्याचा खर्च रोज लिहून घ्या: किराणा, भाडे, वीज, पाणी, प्रवास, शाळा, औषधे, कर्जाचा हप्ता. भाड्याच्या पावत्या मिळत नाहीत; त्याऐवजी वस्तीतल्या दहा खोल्यांचे भाडे आणि चौरस फूट लिहून जोडा. हा हिशेब १९५७ च्या निकषांच्या शेजारी रकान्यांत मांडा, वर २५ टक्के जोडा, मापावरच्या कामाचे तासात रूपांतर करून दाखवा, आणि मूळ दर शेवटचा कधी बदलला ती तारीख पहिल्याच पानावर लिहा.